एव्हांथियाची स्वच्छ रानभाजी

आपल्याला कुणी फसवू शकत नाही, असं स्ट्रातिस गावभर सांगत असे. तीस वर्षं त्यानं ग्रीसमधल्या क्रीट बेटाच्या डोंगरी रस्त्यांवर बस चालवली होती. बिनतिकिटाचा प्रवासी त्याला आरशात नुसत्या मानेवरून ओळखू येई. गेल्या शरदात तो निवृत्त झाला, आणि नजर ठेवायला उरली एकटी बायको, एव्हांथिया.

मार्चपासून ती रोज सकाळी सुरी आणि पिशवी घेऊन रानभाजी खुडायला जाऊ लागली. तीन तासांनी परते, आणि भाजी जेमतेम दोन मुठी. पण स्ट्रातिसच्या मनात पाल चुकचुकली ती भाजी धुताना. तिच्यात धुण्यासारखं काही नव्हतंच! माती नाही, काडी नाही, मुळंही छाटलेली. डोंगरावरची भाजी अशी आंघोळ करून येते होय?

संशय आल्याच्या चौथ्या दिवशी जुडीला निळ्या लोकरीचा धागा सापडला. असा धागा शेजारची पोलिक्सेनी बांधते. तिला खोदून खोदून विचारल्यावर कळलं, की एव्हांथिया अंडी देऊन तिच्याकडून भाजी नेते आणि मग चर्चमागच्या वाटेनं वर जाते.

त्या वाटेवर एकच झोपडी होती, मानूसोस मेंढपाळाची. विधुर, मिशा झुपकेदार. गेल्या आठवड्यात घरातलं चीज जरा जास्तच चांगलं लागलं होतं, हे स्ट्रातिसला आता आठवलं.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या मागावर निघाला. ती झोपडीच्या अलीकडे एका ऑलिव्हखाली थांबली, बूट काढले आणि डोळे मिटून दगडावर बसली. स्ट्रातिस बांधामागच्या हिरव्यागार झाडोऱ्यात उकिडवा बसला. अर्धा तास गेला. मानूसोस काही येईना. आला तो दाह, आणि तोही बसण्याच्या जागी. झाडोरा खाजऱ्या पानांचा होता. स्ट्रातिस किंचाळत बांधावरून उडाला, मेंढरं उधळली, कुत्रा अंगावर आला आणि मागोमाग मानूसोसही.

"हा माणूस त्रास देतोय का तुम्हाला?" त्यानं एव्हांथियाला विचारलं.

तिनं स्ट्रातिसला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "माझा नवरा आहे."

"अरेरे," म्हणून मानूसोसनं कुत्र्याला हाक मारली आणि तो निघून गेला.

"कुणाची वाट बघतेस?" स्ट्रातिसनं दरडावलं.

"कुणाचीच नाही. कुणी नसतं म्हणून तर येते." मग तिनं शांतपणे सांगितलं, की तीस वर्षं घर संध्याकाळपर्यंत तिचं एकटीचं होतं. आता तो उठल्यापासून बोलत असतो. "कांदा चिरतानासुद्धा मला वळणं सांगतोस."

स्ट्रातिसला हायसं वाटलं आणि लागलंही. काय जास्त, ते त्याला ठरवता येईना.

"मी बसू इथं?"

"गप्प बसणार असशील तर."

तो एका कुशीवर कलून बसला. आग थांबत नव्हती. पण ओठ घट्ट मिटून तो समुद्राकडे बघत राहिला. थोड्या वेळानं एव्हांथियानं बांधालगतची चार गोल पानं तोडली, चुरगळली आणि त्याच्या हातात ठेवली. ती चावायची की चोळायची, हे विचारायला त्यानं तोंड उघडलं. तिनं एकदाच बघितलं.

त्यानं अंदाजानं चोळली.