साळवेकाकांचे डबे

आमच्या इमारतीची लिफ्ट अडकली की बाकीचे लोक सेक्रेटरीच्या नावाने बोटं मोडतात. साळवेकाका देवाचे आभार मानतात. एकदा मी त्यांच्याबरोबर दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकले. घंटी दाबून झाली, वॉचमनला फोन करून झाला, तेवढ्यात काका म्हणाले, "ताई, डोळे मिटा. उपकारस्तुती करू या." मग त्यांनी पंखा चालू आहे म्हणून आभार मानले, दिवा गेला नाही म्हणून मानले आणि शेवटी म्हणाले, "प्रभू, ताईंच्या पिशवीत आज मासळी नाही, याबद्दल तुझे विशेष उपकार."

पिशवीत मेथी होती. मागच्या खेपेला मासळी होती, हे मला मान्य आहे.

काका मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. तरुणपणी कारखान्यातल्या नोकरीसाठी बंगळुरात आले, ते इथेच निवृत्त झाले. एचएसआर लेआउटमध्ये ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या मराठीत कानडी "सरी" (म्हणजे बरं) आणि "स्वल्प" (म्हणजे जरा) हे भाजीतल्या कढीपत्त्यासारखे येतात. बाजूला काढत बसलं तर जेवण होणार नाही.

आभार मानायला त्यांना निमित्त लागत नाही. पाण्याचा टँकर आला तर आभार, नाही आला तर कालचं पाणी उरलं म्हणून आभार. अडचण अशी, की ते आभार देवाचे मानतात आणि ऐकावे आम्हाला लागतात. "प्रभू, ताईंचा आवाज पार्किंगपर्यंत जातो, त्यामुळे सगळ्यांची मुलं वेळेवर घरी जातात, तुझे उपकार." यावर माणसाने रागवावं की आमेन म्हणावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एका दिवाळीत त्यांना जेवायला बोलावलं. गरम पुऱ्या ताटात पडल्या आणि काकांनी डोळे मिटले. सुरुवात गव्हापासून झाली. मग गहू पिकवणारा, दळणारा, पोतं वाहून आणणारा ट्रकवाला, गॅसचं सिलिंडर वर चढवणारा. पुऱ्या बसल्या. माझ्या नवऱ्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही उघडे ठेवून श्रीखंडाकडे पाहत होते.

डिसेंबर लागला की काकांच्या बाल्कनीत कागदी तारा लटकतो आणि घरातून तळणाचा वास सुटतो. नाताळचा फराळ म्हणजे आपलाच: करंज्या, चकल्या, शंकरपाळे. पूर्वी तो रूथकाकू करत. त्या गेल्या, तेव्हा आम्हाला वाटलं की आता फराळ बंद. काका स्वतः करायला बसले. त्यांच्या करंज्या तेलात तोंड उघडतात, आणि चकलीने एकदा माझ्या नवऱ्याच्या दाढेवरची कॅप हलली. तसं काकांना सांगितलं, तर त्यांनी कॅप पडली नाही म्हणून आभार मानले.

फराळ स्टीलच्या डब्यांतून येतो. प्रत्येक डब्यावर "सौ. रूथ साळवे" असं नाव कोरलेलं. काकांचा नियम एकच: डबा परत द्यायला घरातल्या माणसाने यायचं, कामवालीच्या हाती पाठवायचा नाही. मी एकदा दारातच फराळ ताटात ओतून डबा पुढे केला, तर काकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "आत्ता नको ताई. स्वल्प दिवस राहू द्या. सावकाश आणा." माझ्याकडे माझेच डबे ठेवायला जागा नाही, असं मी म्हणाले. ते जिन्याकडे वळलेसुद्धा.

लोकांचं म्हणाल तर आयटीतली मंडळी. सावकाश म्हटलं की ती सावकाशच घेतात. डबे होळीपर्यंत ज्याच्या त्याच्या घरी पडून. एकात मी कुणाचे तरी चार्जर पाहिले. काका कधी मागत नसत. मी एका मालवाहतूक कंपनीत काम करते. एक फेरी वाचली की मला रात्री चांगली झोप लागते. म्हणून या नाताळला मी ग्रुपवर लिहिलं: काकांचे डबे धुऊन खालच्या टेबलावर ठेवावेत, सगळे एकदम पोचवले जातील. अंगठ्यांचा पाऊस पडला. दोन दिवसांत झाडून सगळे डबे जमा. रविवारी सकाळी वॉचमन मंजुअण्णाला घेऊन दोन पिशव्या भरून मी वर गेले. आता काका माझ्याबद्दल देवाला काय सांगतील, याची थोडी उत्सुकताही होती.

काकांनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, वर अर्धा स्वेटर. मागे खोलीत क्लबहाउसमधून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या. टेबलावर कप, प्रत्येक कपावर उलटी बशी. कॉफीच्या डिकॉक्शनचा वास.

"सगळे एकदम?" ते म्हणाले.

"सगळे. एकही राहिला नाही."

सवयीने त्यांनी डोळे मिटले. "प्रभू, डबे सगळे परत आले..." मी आमेनच्या तयारीत उभी. पुढे काही येईना. लिफ्टमध्ये, टँकरविना, दाढेच्या हललेल्या कॅपसाठी ज्यांना शब्द कमी पडले नाहीत, ते साळवेकाका थांबले होते. मग त्यांनी डोळे उघडले.

"रूथ म्हणायची," ते पिशव्यांकडे बघत म्हणाले, "फराळ द्यायला आपण गेलो की दारातनं परत येतो. लोक कामात असतात. डबा परत द्यायला आलेला माणूस मात्र बसतो."

पहिल्या पिशवीतून एक डबा काढून मी बगलेत मारला आणि मंजुअण्णाला म्हटलं, "बाकीचे खाली ने. घरटी एक पोचव." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू काकांबरोबर राहून या बाईचंही डोकं बिघडलं. मग मी तिथेच उभं राहून ग्रुपवर लिहिलं: "साळवेकाका पिशवीतून डबे घेत नाहीत. आपला डबा आपण आणावा. कॉफी तयार आहे. घाईत असाल तर उद्या या."

"रिकामा डबा परत द्यायचा नसतो," मी म्हटलं. "हा मी बुधवारी भरून आणते. आज नुसतीच आले आहे."

"सरी, सरी," म्हणत काकांनी एक बशी उचलली, कपात कॉफी ओतली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. मी कप तोंडाला लावणार, तोच ते म्हणाले, "ताई, डोळे मिटा."

सुरुवात कॉफीच्या मळ्यापासून झाली. मग मळ्यातला पाऊस, बिया वेचणाऱ्या बाया, घाट उतरणारा ट्रक. ट्रकपर्यंत कॉफी निवली होती. मी डोळे उघडले नाहीत. "आणि प्रभू, ताईंना प्रत्येक कामाची घाई असते," काका सांगत होते, "तरी त्या बसल्या..."

दाराची बेल वाजली.

"ताई, स्वल्प दार उघडा," काका डोळे न उघडता म्हणाले आणि प्रार्थनेत ट्रकवरून दूधवाल्याकडे वळले.