दोन चुलींची चव

ओल्या मातीची चूल वाळताना आधी तिचा काठ पांढरा पडतो. पोट बराच वेळ काळसर राहते. केशरबाईच्या झोपडीतल्या नव्या चुलीचा काठदेखील अजून पांढरा पडला नव्हता, आणि घरांची नोंद करायला सरकारी गिरदावर मुनव्वरसाहेब वस्तीत येऊन पोचले होते.

ही सगळी वस्ती इंग्रजी मुलखातून, नगरकडून आलेली. धारूरच्या सडकेची खडी फोडता फोडता माणसे इथेच राहिली, तरी गाव त्यांना ‘पलीकडचे’च म्हणे. आता निजाम सरकार त्यांना घरासाठी जागा देणार होते: एका चुलीला एक जागा. केशरबाईच्या घरात मुलगा सुग्रीव, सून छबुबाई आणि पाच पोरे. एकाच जागेत सगळ्यांना पाय पसरायचे तर पाळ्या लावाव्या लागल्या असत्या.

छबुबाई लग्नापासून वेगळी चूल मागत होती. सुग्रीव म्हणे, “आईला इचार.” आई म्हणे, “बघू.” आता आई तयार झाली होती, पण अटीवर.

“सायेब गेला की मोडायची. निस्ती दाखवायला हाय.”

सुग्रीव नव्या चुलीला तव्याची काजळी फासत होता, तेवढ्यात शेजारचा बंकट तोंड पाडून आला.

“काजळी कावून फासतो बे? चूल बघतच न्हाई त्यो. दोनी चुलीवरचं पिठलं खातो. चव एक आली की घर एक. माजं एकच लिवलं.”

दोघी कामाला लागल्या. छबुबाईला तिखट सोसत नाही म्हणून केशरबाई कित्येक वर्षे मिळमिळीत खात आली होती. आज तिने मूठभर मिरच्या ठेचून टाकल्या. छबुबाईने चव वेगळी यावी म्हणून पिठल्यात गूळ घातला.

मुनव्वरसाहेबांनी आधी गोड पिठल्याचा घास घेतला आणि थांबले.

“ये क्या है जी?”

“पिठलं. आमच्यात आसंच खात्यात.”

“तिच्यात,” केशरबाई तिकडून म्हणाली. “आमच्यात न्हाई.”

मग त्यांनी तिच्या पिठल्याचा घास घेतला. आधी कान लाल झाले, मग डोळे.

“पानी.”

कोणी हलले नाही. घरात घागर एकच होती.

“तिकडं मागा,” छबुबाई म्हणाली.

“तिकडंच मागा,” केशरबाई म्हणाली.

सुग्रीव घागरीला मिठी मारून आळीपाळीने दोघींकडे बघत राहिला. शेवटी साहेबांनी ती हिसकावली आणि तोंडाला लावली. दाढी पुसत ते म्हणाले, “ये घागर किसकी? घागर एक, तो घर एक.”

“तिची,” केशरबाई म्हणाली.

छबुबाई बघतच राहिली. ती पितळी घागर तिला आजवर घासायलासुद्धा मिळाली नव्हती.

“और तुमी पानी कहां से पीते, अम्मा?”

“मागून घेते. शेजारीण हाय की माजी.”

साहेबांनी उचकी देत दोन घरे लिहिली आणि उचक्या देतच पुढे गेले.

सुग्रीवने हातोडा उचलला. “चला, मोडतो आता. लई भूक लागली.”

केशरबाई नाक पुसत, डोळे पुसत आपले पिठले भाकरीशी खात होती. तिने ताटातून मान वर केली नाही.

“हात लावू नगो तिला. मी येगळी ऱ्हाते.”