वैतागलेल्या बाईचा फोटो

"हात लावू नकोस, उजेड चांगलाय," नवरा खुर्चीवर चढून म्हणाला आणि ताटाकडे गेलेला बायकोचा हात हवेतच राहिला. गेल्या दहा महिन्यांत या घरात गरम जेवण फक्त कॅमेऱ्याने पाहिलं होतं.

जगात कुणाला ना कुणाला कशाचा ना कशाचा फोटो लागतोच, या भरवशावर त्याने नोकरी सोडली होती. कप, किल्ल्या, कांद्याची सालं, सासूबाईंचा चष्मा, असे चार हजार फोटो त्याने एका वेबसाइटवर विकायला ठेवले. जगाला त्यातलं काहीच लागलं नाही.

"या महिन्यात एकही विकला गेला नाही, तर जुन्या साहेबांना फोन करायचा," बायकोने बजावलं.

महिना संपायला आठवडा असताना एक फोटो विकला गेला. दुसऱ्या दिवशी तोच आणखी सतरा जणांनी घेतला. ताटाच्या फोटोंबरोबर चुकून चढलेला तो फोटो बायकोचा होता. कमरेवर हात, विस्कटलेले केस, आणि समोरच्याला कच्चं खाईल अशी नजर. कुणाचा चेहरा विकायचा तर वेबसाइटला त्याच्या संमतीचा, सहीचा कागद लागतो. तो तिने पहिल्याच महिन्यात कटकट नको म्हणून न वाचता सही करून दिला होता.

आता असे आणखी फोटो हवे होते. त्याने ओला टॉवेल गादीवर टाकला. चहा सांडला. शेवटी तिच्या माहेरच्यांचा विषयही काढला.

"असू दे रे," पैसे आल्यापासून खुशीत असलेली बायको म्हणाली, "पुसते मी."

दहा महिने जे फुकट आणि न मागता मिळत होतं, ते आता हातापाया पडूनही मिळेना. तो डोकं धरून मटकन खाली बसला. खट्कन आवाज झाला. बायकोच्या हातात कॅमेरा होता.

"इथे सही कर," ती म्हणाली. त्यानेही न वाचता केली.

दोन दिवसांत त्या फोटोला तेवीस गिऱ्हाइकं मिळाली. त्याच्या जिवात जीव आला.

"म्हणजे आता साहेबांना फोन नको ना करायला?"

"मी केलाय. सोमवारपासून ये म्हणाले."

"अगं, पण फोटो विकले जातायत की."

"म्हणूनच तर," बायको खुर्चीवर चढून भिंग पुसत म्हणाली. "ऑफिसातून रोज याच्यापेक्षा चांगला वैतागलेला चेहरा घेऊन यायचास तू. आल्यावर जरा दारातच थांबत जा, तिथे उजेड बरा असतो."