आऊसाहेबांचे माहेरचा निरोप

श्री. वडिलांचें पुण्य सांभाळो, आणि लिहिणाराचे हातून खोटें न उमटो. शके सोळाशें अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सर, मार्गशीर्षमासीं राज्यांतील थोर मातुश्री अन्नपूर्णाबाई, ज्यांस लहानथोर सारे आऊसाहेब म्हणत, त्या सत्त्याऐंशी वर्षांचें आयुष्य भोगून कैलासवासी जाहल्या, त्याचा मजकूर ऐसा जे.

आऊसाहेब नवव्या वर्षीं लग्न होऊन या घरीं आल्या, सव्विसाव्या वर्षीं पति रणीं पडले, आणि पदरीं दोन लेकरें व डोईवर अवघें राज्य ऐसें जाहलें. मग दुष्काळ पडला, तेव्हां त्यांनीं धान्याचीं पेवें उघडविलीं आणि रयत जी आंबील पिई तीच आपणही प्याल्या. पुढें दोघे पुत्र हद्दीवरून तलवारी उपसून समोरासमोर उभे राहिले, तों आऊसाहेब मधें पाट मांडून बसल्या आणि म्हणाल्या, "आधीं जेवा, मग भांडा. उपाशी पोटीं भाऊ कापूं नये." आणि दोघे जेवले, आणि मग भांडण कोणास सुचलेंच नाहीं. नातू हैबतराव, त्यांची आई बाळंतपणीं गेली, त्यांस आऊसाहेबांनीं कापसाच्या बोळ्यानें शेळीचें दूध पाजून वाढविलें. हेच हैबतराव पुढें थोर होऊन घरचा कारभार पाहूं लागले, आणि आला-गेला निरोप त्यांचेच हातून जाऊं लागला.

तेरावे दिवशीं सदरेवर सारें गोत मिळालें, आणि जो तो आऊसाहेबांचा एकेक गुण सांगे, आणि हैबतराव डोळे पुसून ऐकत होते. तों दुपारीं एक वृद्ध बाई मोलकरणीचा हात धरून सदरेवर आल्या. त्या आऊसाहेबांच्या धाकट्या बहीण बयाबाई, आठ कोसांवरील माहेरगांवाहून आलेल्या, डोळ्यांनीं पार अंध. त्यांस पाहतांच हैबतरावांचे पायांखालची वाळू सरकली.

बयाबाई बसल्या आणि म्हणाल्या, "ताईशीं अबोला धरला होता, तो सोडायास आलें. उशीर केला. तीन वर्षांमागें मी जासूद पाठविला होता, कीं माझी नजर चालली आहे, दिसतें आहे तोंवर एकवार येऊन जा. तिचें उत्तर आलें, मला सवड नाहीं. मग मीही म्हटलें, नको तर नको."

तो जासूद हैबतरावांपाशींच आला होता. त्यांचे कन्येचें लग्न पंधरा दिवसांवर होतें, आणि आऊसाहेब गेल्या तर एवढें कार्य कोण उचलील, म्हणून त्यांनीं निरोप आंत जाऊं दिला नाहीं, आणि जासुदास आपलेच मनचें सांगितलें कीं सवड नाहीं. लग्न उरकल्यावर सांगूं म्हटलें, मग पाऊस लागला, मग सांगावयाची लाज वाटूं लागली, आणि दिवस गेले तशी लाज वाढली. आतां तो जासूदही वारला होता. हैबतराव गप्प राहते तर कोणास कळतें ना, आणि ते घटकाभर गप्प राहिलेही, हें लपवूं नये. परंतु गोतांतून कोणी म्हणालें, "थकल्यावर माणूस बोलून जातें. आऊसाहेब म्हणाल्याही असतील," आणि साऱ्यांनीं माना डोलविल्या, तें हैबतरावांस सोसवलें नाहीं. ते उठले आणि म्हणाले, "आजीसाहेब, ते शब्द आऊसाहेबांचे नव्हत. माझे. त्यांस निरोप कळलाच नाहीं."

बयाबाईंनीं मोलकरणीचा हात सोडला. मग पुसलें, "ती माझें कधीं विचारी?"

"दर संक्रांतीस पुसत, बयाचें कांहीं आलें का. मी नाहीं म्हणें."

"मग ती काय म्हणे?"

"म्हणत, शेतावर कामें असतील. आणि आंत जात."

"तूं तिनें वाढविलेला, म्हणून शंका घेतली नाहीं," बयाबाई म्हणाल्या. "बरें, एक सांग. शेवटीं शेवटीं ती दिसे कशी? हसतांना उजव्या गालीं खळी पडे, ती राहिली होती का?"

हैबतराव आठवूं लागले. रोज सकाळीं ते आऊसाहेबांचे पायीं डोकें ठेवीत. पाय आठवले, टाचेच्या भेगा आठवल्या, मुख कांहीं डोळ्यांपुढें येईना. सारे गोतासमोर मान खालीं गेली. मग आऊसाहेबांस न्हाऊं घालणारी दासी कोपऱ्यांतून म्हणाली, "होती, बाईसाहेब. दांत गेल्यावर अधिकच खोल पडे." बयाबाईंनीं तिजकडे तोंड फिरविलें आणि सांज होईतों तिजलाच एकेक पुसत राहिल्या. निघतांना हैबतरावांनीं हात पुढें केला, तो त्यांनीं घेतला नाहीं. क्षमा केली नाहीं, शापही दिला नाहीं.

पुढें हैबतराव दर संक्रांतीस तिळगूळ घेऊन आठ कोस पायीं जात आणि बयाबाईंचे ओटीवर बसून माघारीं येत. तीन वर्षें आंतून कोणी विचारलें नाहीं. चौथे वर्षीं तांब्याभर पाणी आलें.

एणेंप्रमाणें आऊसाहेबांनीं राज्य राखिलें, लेक राखिले, नातू राखिला, आणि नातवास त्यांची एक भेट राखतां आली नाहीं. हा मजकूर हैबतरावांनीं आपले तोंडें सांगून लिहविला, आणि यांतील एकही अक्षर गाळूं दिलें नाहीं.