हलू नका, सिद्धांत खेळतोय

सिद्धांत गायकवाडच्या गेल्या मोसमातल्या एकमेव बऱ्या खेळीसाठी मी पावणेतीन तास डाव्या मांडीवर उजवा पाय टाकून बसलो होतो. पाय बधिर झाला, गॅसवाला बेल वाजवून वैतागून परत गेला, पण मी हललो नाही. संध्याकाळी मैदानावरून फोन आला, "सर, थँक्यू." एकसष्ट धावांत निम्मा वाटा माझ्या पायाचा, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

सिद्धांत कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत, समोरच्याच दारात राहतो. वय बावीस, धंदा फलंदाजी. राज्याच्या संघात पाचव्या नंबरवर खेळतो. म्हणजे खेळायचा. मी छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. चेंडूचा आणि माझ्या मांडीचा संबंध काय, असं मी त्याला एकदा विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "लॉजिक नका विचारू सर. फील असतो तो."

या फीलचे नियम पुष्कळ. पॅड आधी डाव्या पायाला. सामन्याच्या सकाळी मुगाची खिचडी, तीही लोणच्याशिवाय. धावा झालेले मोजे मोसम संपेपर्यंत धुवायचे नाहीत. एकदा त्याच्या आईने ते नाक धरून धुतले. महापालिकेच्या दवाखान्यात नर्स आहेत त्या, जंतूंशी त्यांचं जुनं वैर. पुढच्या सामन्यात चिरंजीव शून्यावर बाद. दोन दिवस त्याने आईशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी बाई मला म्हणाल्या, "सर, मी जन्म याला दिला की त्या मोज्यांना, तेच कळेनासं झालंय."

पण सगळ्यात कडक नियम वेगळा होता. आईने त्याचा खेळ बघायचा नाही. तेरा वर्षांचा असताना बाई डबा घेऊन मैदानावर गेल्या आणि हा पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाला. तेव्हापासून नऊ वर्षं बंदी. हल्ली सामने मोबाईलवर दिसतात. तो फलंदाजीला आला की मी आमच्या टेबलावर मोबाईल पोह्यांच्या डब्याला टेकवून बसायचो, आणि बाई बाहेर जिन्यात बसून मेथी निवडायच्या. जिन्यात भाजी निवडू नये, अशी सूचना सेक्रेटरींनी सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा टाकली. बाईंनी दोन्ही वेळा खाली नमस्कार टाकला आणि निवडत राहिल्या. नवरा गेल्यावर रात्रपाळ्या करून त्यांनी पोराला क्रिकेटपटू केलं होतं, आणि तो खेळताना कसा दिसतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

यंदा काही जमेना. अकरा, चार, शून्य, एकोणीस. बँकेतल्या माणसाची एक बेरीज चुकली तर तो खोडून परत करतो. याची एक चूक झाली की उरलेला दिवस तंबूत बसून दुसऱ्यांचा खेळ बघायचा. घरी आला की आरशासमोर बॅट धरून उभा राहायचा. पुढेपुढे नुसताच उभा राहायला लागला.

"शेवटची मॅच खेळवतायत, सर," एक दिवस म्हणाला. "यात नाही झालं तर पुढच्या वर्षीच्या लिस्टमध्ये मी नसेन. आणि एकदा बाहेर पडलो की कोण विचारतं? अंडर-नाइन्टीनची पोरं लाईन लावून उभी आहेत."

त्या सामन्यात तो खरोखर सुरेख खेळत होता. अडतीसवर पोचला. नेमून दिलेल्या मांडीवर पाय टाकून मी बसलो होतो. उघड्या दारातून बाईंची पाठ दिसत होती. मला राहवेना. मी म्हटलं, "ताई, या आत. तुम्ही बघताय की मी बघतोय, हे त्या चेंडूला कळत नाही."

"नको सर."

"मी गणिताचा मास्तर आहे. सांगतो ते ऐका."

त्या आल्या. एक पाय उंबऱ्याबाहेरच ठेवून उभ्या राहिल्या. सिद्धांतने कव्हरमधून चौकार मारला. दोन षटकं गेली. त्रेचाळीसवर त्याने पाय न हलवता बॅट घातली आणि मागे झेल गेला. बाई परत जिन्यात जाऊन बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पंधरा दिवसांनी यादी आली. त्यात त्याचं नाव नव्हतं. मी भेटायला गेलो तेव्हा तो कॉटवर बसून मोबाईलवरची तीच यादी पुन्हा पुन्हा वर-खाली करत होता. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पंधरा दिवसांत त्यांच्या घशाखाली धड अन्न उतरलं नव्हतं.

"सिद्धू," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी बघत होते."

मी म्हटलं, "मीच बोलावलं होतं रे त्यांना."

मोज्यांवरून दोन दिवस धुमसणारा मुलगा तो. आता काय होतंय, या धास्तीने मी खुर्चीचा हात धरला. त्याने मोबाईल पालथा ठेवला.

"कधी आलीस आत?"

"अडतीस झाले होते तुझे."

"मग काय!" तो म्हणाला. "अगं, ते लाइव्ह नसतं. पंधरा मिनिटं मागे असतं. तू आत आलीस तेव्हा मी आउट होऊन पॅड सोडत होतो. विचार सरांना."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर मुलांच्या चुकीच्या उत्तरांवर फुल्या मारल्या, पण त्या दिवशी म्हणालो, "बरोबर आहे त्याचं." त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि आत जाऊन भाताचा कुकर लावला.

तो मला सोडायला दाराबाहेर आला. मी हळूच विचारलं, "खरं किती मागे असतं रे?"

"अर्धं मिनिट."

"म्हणजे?"

"म्हणजे ती बघत होती, सर." त्याचा विश्वास तसूभरही ढळलेला नव्हता. सगळं कशामुळे गेलं, हे त्याच्या लेखी त्याला कळलं होतं, आणि ते आईला मरेपर्यंत कळू द्यायचं नव्हतं.

त्याने आतल्या कुकरच्या आवाजाचा अंदाज घेतला.

"तिने तो फोर बघितला?"

"बघितला."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, चेहरा किती वाळलाय."

"हेल्मेट होतं ना पण मला," तो म्हणाला.