आत लोकं आहेत

उमाळे सर पेटी उघडण्याआधी तिच्या झाकणावर टकटक करतात. हळूच, कोणाच्या घरी अवेळी आल्यासारखी. मग जरा थांबतात. आतून अर्थातच कोणी "या" म्हणत नाही. तरी सर मान हलवतात आणि कडी काढतात.

ही पत्र्याची पेटी दारव्ह्यात आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात, मागच्या खोलीत असते. खरं म्हणजे ती माझी आहे. हे मी कोणालाही, मोठ्या आवाजात सांगायला तयार असतो.

माझा रद्दीचा धंदा. हातगाडीवर सुरू केला, आता स्वतःचं गोदाम आहे. ठरलेला सौदा मी मोडत नाही आणि समोरच्याला मोडू देत नाही. कॉलेजनं ती खोली रिकामी करायला काढली तेव्हा "खोलीतलं सगळं" असा शब्द झाला होता. माल टेम्पोत चढला. तेवढ्यात हे उमाळे सर, निवृत्त ग्रंथपाल, भर उन्हात कानाला मफलर, टेम्पोवर चढले आणि थेट पेटीवर बसले.

"हे पेटी जात नाही."

"काहून नाही जात? सौदा झाला न!"

"हळू बोला, शेठ. आत लोकं आहेत."

माझे हमाल टेम्पोवरून उड्या टाकून खाली. एकानं तर पेटीला हात जोडले. मी कडी काढून पाहिलं तर आत पत्रं! हॉस्टेलात पोरं ठेवलेल्या बापांनी जुन्या काळच्या प्राचार्यांना लिहिलेली, गावागावची, सुतळीनं बांधलेली. सर काही उठेनात. शेवटी पेटी राहिली. माझा सौदा मोडला तो मोडलाच.

तेव्हापासून दर शनिवारी मी भांडायला जातो. मी म्हणतो, "पेटी द्या." ते म्हणतात, "बसा." मी बसत नाही. मग ते टकटक करून एक पत्र काढतात, वाचायला लागतात आणि मी कधी बसलो ते माझं मलाच कळत नाही.

पत्र लिहिणाऱ्यांना सर गावावरून ओळखतात. "आज वणीवाले तापले आहेत," म्हणतात. वणीच्या त्या बापानं हॉस्टेलच्या पातळ वरणावर पानंच्या पानं लिहिली आहेत. "दिग्रसवाल्यांनी तूर पाठवली होती. पोचली म्हणून कोणी कळवलं नाही वाटते," असं म्हणून सर स्वतःच ओशाळतात. एकदा एक प्राध्यापक प्रदर्शनात मांडायला पत्र मागायला आले. सरांनी विचारलं, "त्यायले विचारलं काय?" प्राध्यापक पुन्हा फिरकले नाहीत.

"निवृत्त झाले न तुम्ही? मंग घरी काहून बसत नाही?" मी एकदा टोचलं.

"घरी काय आहे, शेठ? कुलूप आहे. ते पाहते घर."

सगळ्यात लाडके ढाणकीवाले. त्यांचा पोरगा तंबूतल्या सिनेमावाल्याच्या नादी लागून कॉलेज सोडायला निघाला होता. बापानं प्राचार्यांना लिहिलं आहे, "त्यास चांगला दम द्यावा, परंतु हात लावू नये. मी लिहिले हे कळू देऊ नये. त्याची आई जेवत नाही." बस. त्यानंतर ढाणकीचं पत्र नाही.

"पोरगा राह्यला का गेला?" मी विचारलं.

"काय माहीत! उत्तर तर ढाणकीला गेलं न. आपल्यापाशी अर्धंच बोलणं आहे." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुम्ही त्या भागातली रद्दी घेता न, शेठ?"

माझा सौदा मोडणारा हा माणूस, वरून मलाच कामाला लावतो! मी तणतणत निघून आलो. पण डोक्यातून ते पोरगं जाईना. ढाणकीकडच्या सगळ्या फेरीवाल्यांना निरोप ठेवला. पत्राखालच्या आडनावाच्या घराचा माळा उपसत असल्याचं कळलं तसा स्वतः गेलो. जुन्या घरांत आलेली पत्रं तारेत टोचून भिंतीला टांगायचे. जुनं तळाशी, नवं वर. आम्ही रद्दीवाले पहिल्यांदा तार ओढतो, लोखंड वेगळं, कागद वेगळा. त्या माळ्यावरही अशी तार निघाली, पण त्या दिवशी मी तिला कोणाला हात लावू दिला नाही. दारव्ह्यापर्यंत मांडीवर धरून आणली.

सरांनी तार पाहिली. बोट उचललं, पण टकटक कुठं करावी ते त्यांना कळेना. मग ते एकेक कागद हलकेच वर करत खाली जाऊ लागले. तळाजवळ बोट थांबलं. प्राचार्यांचं अक्षर ओळखीचं असावं.

"सापडलं? वाचा न!"

त्यांनी हात काढून घेतला. "आज नको."

माझं डोकं फिरलं. "नको? ढाणकीपर्यंत कायले गेलतो मी?"

सर मफलर सोडून पुन्हा बांधत बसले. "आज कळलं," खाली बघत ते म्हणाले, "तर पुढच्या शनिवारी तुम्ही कायले यान?"

मी तार आपल्याकडे सरकवली. मग नेहमीसारखा ओरडलो, "तार माझी आहे! पेटीचा सौदा मिटल्याशिवाय तळाचं पत्र कोणी वाचायचं नाही. वरून एकेक काढायचं, शनिवारी, माझ्यासमोर!"

"मिटंल काय सौदा?"

"बिलकुल नाही मिटणार!"

"हळू बोला, शेठ," सर म्हणाले आणि कानाचा मफलर सोडून त्यानं माझी खुर्ची पुसू लागले.