आधी शेपूट, मग तोंड

आमच्याकडे चहा शेवटच्या खाटेपासून वाटायला सुरुवात होई. स्वयंपाकघर पहिल्या खाटेला लागून होतं. त्यामुळे सखूबाईंना किटली घेऊन आधी सगळं दालन ओलांडावं लागे. वाटेतल्या तहानलेल्या नजरा चुकवत त्या पार टोकाला जात आणि मग एकेक कप भरत उलट्या मागे येत. हा नियम संस्थेच्या घटनेत नव्हता. तो भिवातात्यांनी केलेला होता, आणि म्हणूनच पाळला जात होता.

बारामतीच्या वेशीबाहेर, कालव्याच्या कडेला कापसाची एक रिकामी वखार होती. काही दानशूर मंडळींनी तिला चुना फासला, डझनभर खाटा मांडल्या आणि दारावर पाटी लावली, ‘वृद्धजन आरोग्यसंवर्धन विश्रामधाम’. हे नाव ज्याला एका दमात म्हणता येईल त्या म्हाताऱ्याला बरा झाला म्हणून घरी पाठवायला हरकत नव्हती. मांडी मोडलेली, एक अंग गेलेली, तापाने खचलेली माणसं तिथं येत. हातपाय पुन्हा चालते करून घ्यायचे आणि घरी जायचं, अशी योजना. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथं व्यवस्थापक होतो. किल्ल्या माझ्या कमरेला असत आणि कारभार तात्यांचा असे.

तात्या मूळचे सांगवीचे. उभा जन्म कालव्यावर पाटकरी म्हणून गेलेला. कुणाच्या शेताला कधी आणि किती पाणी सोडायचं हे ठरवणारा माणूस म्हणजे पाटकरी. कलेक्टर गावात वर्षातून एकदा येतो, पाटकरी रोज येतो; तेव्हा गावाने कुणाला जास्त भ्यावं हे उघड आहे. कालव्याच्या दारावरून पाय घसरून मांडी मोडली तेव्हा तात्या आमच्याकडे आले. आले ते खाकी कोट घालूनच. कोटाची पितळी बटणं सरकारने परत घेतली होती, पण रुबाब परत घ्यायचा राहून गेला होता.

पहिल्याच दिवशी त्यांनी चहाची किटली अडवली.

“सखूबाई, हितनं सुरवात करायची न्हाय. आधी शेपूट, मग तोंड!”

मी विचारलं, “तात्या, ही काय भानगड?”

“म्यानिजर, कालव्याच्या चारीच्या तोंडाशी ज्याचं रान हाय त्यो कवाच उपाशी मरत न्हाय. पानी जाता जाता बी त्याचं भिजतंय. मरतो त्यो शेपटाकडचा. म्हनून शान्या पाटकऱ्यानं पैलं शेपूट भिजवायचं, आन् मग मागं मागं यायचं. माज्या हातनं उभ्या जल्मात एक थेंब वाया गेला न्हाय.”

हे शेवटचं वाक्य दिवसातून अनेकदा ऐकायला मिळे. पुढे चहाच काय, सगळ्याच गोष्टींना पाळी लागली. आंघोळीचं ऊन पाणी पाळीने. ओसरीवरचं सकाळचं ऊन पाळीने. मी वर्तमानपत्र वाचून दाखवत असे, ते शेवटच्या खाटेशी उभं राहून. दोन म्हातारे एकाच वेळी कण्हू लागले तर तात्या पहिल्या खाटेवरून ओरडत, “तुमचं झालं न्हवं कन्हून? आता जरा त्येंना कन्हू द्या!” आणि आश्चर्य म्हणजे पहिला गप्प बसे.

अंगणात त्यांनी भाजीचे वाफे काढले होते. कालव्याच्या चारीतून आठवड्याला आमच्या अंगणात पाणी येई. ज्याला उभं राहता येत होतं त्याच्या हातात तात्या खोरं देत आणि वाफ्याचं दारं धरायला लावत. पाणी एका वाफ्यात सोडायचं, तो भरला की माती ओढून दारं बंद करायचं आणि पुढचं फोडायचं. आमचे डॉक्टर पोक्त गृहस्थ होते. ते म्हणाले, “चालू द्या. माझ्या व्यायामाला ही मंडळी नाकं मुरडतात. याला निदान हसतात तरी.”

शेवटच्या खाटेवर अंथुर्ण्याचे गणपतआबा होते. त्यांचं उजवं अंग गेलं होतं. डॉक्टरांच्या मते आता हातापायांत ताकद पुष्कळ परतली होती, जीभही मोकळी झाली होती. पण आबा उठत नव्हते आणि बोलत नव्हते. आयुष्यभर स्वतःच्या मळ्यात राबलेला माणूस. दुसऱ्याने कूस बदलून द्यायची वेळ आली तेव्हाच त्यांनी मनातून आवरतं घेतलं होतं. घरी एकटी म्हातारी बायको. तिला त्यांना उचलणं शक्य नव्हतं. ती बाजाराच्या दिवशी एस.टी.ने येई, घटकाभर पाय दाबून देई आणि परत जाई.

तात्यांनी सगळे उपाय केले. हुकूम दिला, लाडीगोडी लावली, सरकारी आवाजात दम भरला. “गणपतराव, उटा. तुमची पाळी लागलीया. न्हाय उटला तर पाळी पुढच्याला दीन.” आबा छताकडे बघत असत. शेवटी तात्या पाळी कुणालाच न देता तिथंच बसून राहत.

अशातच आमच्या अध्यक्षांनी भेट द्यायचं ठरवलं. अध्यक्षांचा हारांवर फार जीव. त्यांनी आधीच निरोप पाठवला: ही सुधारण्याची जागा आहे, पडून राहण्याची नव्हे, जो रुग्ण आपल्या पायांवर उभा राहू शकत नाही त्याला पुण्याच्या पंगूंच्या आश्रमात पाठवून खाट रिकामी करावी. असा रुग्ण एकच होता. पुणे म्हणजे आबांना अंथुर्णे पुन्हा दिसणार नव्हतं, आणि म्हातारीला आबा. डॉक्टरांनी मुदत मागितली. मीही दोन शब्द बोलून पाहिले. अध्यक्ष म्हणाले, “नियम म्हणजे नियम.” तो नियम त्यांनी आदल्या आठवड्यात केला होता.

मी तात्यांना हे सांगितलं. मला वाटलं, आरडाओरडा होईल. तात्या एवढंच म्हणाले, “त्ये कोन्च्या वारी येनार?”

“गुरुवारी.”

“गुरवारी आपल्या पान्याची पाळी हाय,” ते म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवत निघून गेले. गरीब माणसाला कशात समाधान वाटेल सांगता येत नाही, असं मी मनाशी म्हटलं.

गुरुवारी अंगणात सतरंजी अंथरली, तिच्यावर खुर्ची, समोर म्हाताऱ्यांची रांग. आबांना उचलून आणून वाफ्यांच्या कडेला वेताच्या खुर्चीत बसवलं. जागा तात्यांनीच ठरवली होती. खुर्चीला टेकून कुणीतरी खोरं ठेवलं होतं. अध्यक्षांनी हार घालून घेतला आणि भाषण सुरू केलं. पलीकडे पाट तुडुंब वाहत होता.

भाषण प्राचीन भारतातील वृद्धांच्या सन्मानापर्यंत आलं आणि पाट फुटला.

आधी नुसतं बुडबुड वाजलं, मग बांधाला हातभर खांड पडलं. पाणी कांद्याच्या कोवळ्या रोपांवर चढलं आणि तिथून सतरंजीकडे निघालं. तिथला प्रत्येक म्हातारा जन्मभर पाण्यामागे धावलेला. फुटलेला पाट बघून स्वस्थ बसणं त्या मुलुखात पाप आहे. सगळे काठ्या सावरत उठले. तेवढ्यात तात्या कडाडले, “कुनी हलायचं न्हाय! पाळी आबाची हाय!”

सगळे जागच्या जागी थांबले. पाणी मात्र थांबलं नाही. अध्यक्षांनी पाय वर घेतले, पण भाषण सोडलं नाही. मी आबांकडे पाहिलं. त्यांची नजर छताकडे नव्हती, कारण तिथं छत नव्हतं. ती रोपांवर होती. एक रोप आडवं झालं. दुसरं झालं. आबांचा जबडा हलू लागला.

“आरं…” खर्जातला, गंजलेला आवाज आला. “आरं, रोपं चालली! मुडद्यांनो, बगताय काय?”

आणि आबा उठले. डाव्या हाताने खोरं धरून, त्यावर सगळा भार टाकून, वाकडे, थरथरत. उजवा पाय ओढत दोन पावलं गेले, खोऱ्याने माती लोटली, ती वाहून गेली. तेव्हा त्यांनी लुळा पायच खांडात घातला आणि त्याच्याभोवती माती ओढू लागले. पाणी वळलं. आबा चिखलात उभे होते आणि न थांबता शिव्या देत होते. पाटाला, पाण्याला, आमच्या सगळ्यांना. इतक्या रसरशीत शिव्या मी त्यापूर्वी आणि त्यानंतर ऐकल्या नाहीत. डॉक्टरांनी हळूच चष्मा पुसला.

अध्यक्षांनी ओल्या धोतरानिशी समारोप केला: संस्थेच्या उपचारपद्धतीचा हा प्रत्यक्ष पुरावा आहे आणि अशाच एखाद्या प्रसंगाची आपल्याला अपेक्षा होती. पुण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

पांगापांग झाल्यावर मी बांध पाहायला गेलो. तात्या तिथंच होते.

“खेकड्यानं पोखरला असंल,” ते म्हणाले.

त्यांच्या काठीला वीतभर ओला चिखल होता.

“खेकडा काठी घेऊन आला होता काय, तात्या?”

“आता खेकडं काय तुमाला इचारून येत्यात, म्यानिजर?” असं म्हणून ते वळले. त्या दिवसापासून ‘एक थेंब वाया गेला न्हाय’ हे वाक्य मात्र त्यांनी सोडून दिलं.

पुढे आबा काठीवर चालू लागले आणि म्हातारीबरोबर एस.टी.त बसून अंथुर्ण्याला गेले. निरोप द्यायला तात्या फाटकापर्यंत आले. त्यांचा स्वतःचा पाय बरा होऊन बराच काळ झाला होता. डॉक्टर कधी विषय काढत, तर तात्या म्हणत, “अजून कच्चा हाय.” सांगवीला त्यांची बायको नव्हती, मूल नव्हतं, आणि त्यांना भेटायला कधी कुणी आलं नव्हतं. डॉक्टरांनी मग विषय काढणं सोडलं. मीही किल्ल्या वाजवत दुसरीकडे बघत असे.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी आबा फाटकातून आत आले. एकटे, काठी टेकत. खांद्यावरच्या पिशवीत पेरू होते. सखूबाई किटली घेऊन नेहमीप्रमाणे टोकाकडे निघाल्या होत्या. आबांनी त्यांच्या हातातून किटली घेतली आणि सरळ पहिल्या खाटेशी जाऊन कप भरला.

तात्या खवळले. “गणपतराव, ह्ये काय? आधी शेपूट!”

“गप बसा, पाटकरी,” आबा म्हणाले. “लई दिस तुमी थंड चा पिला. आज पानी तोंडाकडनं सुटलंय.”

इतक्या दिवसांत तोंडाशी कोण बसलं आहे आणि त्याच्या वाट्याला कसला चहा येतो, याचा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. तात्यांनी कप हातात घेतला. चहा बशीत ओतून निववायची सवय केव्हाच सुटल्याने तसाच तोंडाला लावला आणि एकदम मागे ओढला.

“चा लई गरम हाय,” ते म्हणाले आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसले.

मग आबांना बसायला त्यांनी खाटेवर जागा करून दिली.